हाताखाली पोऱ्या नसताना सस्पेन्शन: तुमचे अनुभव लिहा

लिंक रॉड, बुश (सांध्यातलं रबर), शॉकॲब्सॉर्बर घरीच, एकट्याने बदलणारे कोण कोण आहेत? ‘जॅक लावा, नट खोला’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरा हात लागतो तिथे काय करता, ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. लिंक रॉडचा नट फिरवला की आतला बॉलही गरगर फिरतो. स्टडच्या (नट बसतो त्या आट्यांच्या दांडीच्या) टोकाला षटकोनी खाच असते, तिच्यात ॲलन की घालून ती कशाला तरी अडकवायची आणि रिंग पाना चालवायचा. खाचेतली माती आधी दाभणाने कोरून काढा. की अर्धवट बसली तर खाच गोल होते, मग ग्राइंडरच. आणि पुढची दोन्ही चाकं उचला. एकच उचललं तर अँटीरोल बार (लिंक रॉड ज्याला जोडतात तो दोन्ही चाकांमधला आडवा दांडा) पिळलेला राहतो, नवा रॉड भोकात येतच नाही.

*

शॉकॲब्सॉर्बर वर चढवताना एकटा माणूस रडकुंडीला येतो. आमच्या गाडीला वर तीन स्टड आहेत. एकाला सुतळी बांधून ती बॉनेटकडच्या भोकातून ओढून घेतो, ताणून बांधतो, मग निवांत बाकीचे दोन नट लावतो. स्प्रिंग मात्र घरी दाबत नाही. सुटली तर जबडा फोडेल. अख्खा स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकॲब्सॉर्बर) काढून गॅरेजात नेतो.

*

दादा, सुतळी झकास! मी कॅनडात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवते, सकाळी पान्यावर लांब पाइप चढवते. माझ्या वजनाला तोच मदतनीस.

*

लोअर आर्मच्या (चाक गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नका. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दुसरा जॅक आर्मखाली लावून भार त्यावर घ्या, मग आवळा. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) भोकात आणायलाही हाच जॅक कामाला येतो.

बाकी, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणाऱ्यांनी इथे अनुभव लिहू नयेत. घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावा, काढलेलं चाक कडेच्या पट्टीखाली आडवं सरकवा, फोन खिशात ठेवा.

*

काका, मागच्या शॉकॲब्सॉर्बरलाही असाच जॅक लागतो का?

*

हो, ॲक्सलखाली. त्याशिवाय खालचा बोल्ट काढलास तर ॲक्सल खाली जाऊन स्प्रिंग निसटू शकते.