मदत हवी आहे : बारावी पीसीएम २ गुणांनी अडलंय, गुणपडताळणी करू की छायाप्रत मागवू?

नागपूर विभाग, विज्ञान शाखा. क्लासमधल्या एका मुलीला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ३०० पैकी १३३ आहेत. खुल्या प्रवर्गातून इंजिनीअरिंगसाठी ४५ टक्के, म्हणजे १३५ लागतात. भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाचे ३० पैकी २८, पण लेखीत ७० पैकी २६ च. तिच्या अंदाजाने लेखीत ३५ च्या आसपास यायला हवे होते. अर्ज कुठे करायचा, सिव्हिल लाइन्सच्या विभागीय मंडळात की पुण्याला?

प्रतिसाद १
दादा, पुण्याला काही पाठवू नका. राज्य मंडळ तिथे असलं तरी आपल्या सहा जिल्ह्यांच्या उत्तरपत्रिकांचं काम नागपूर विभागीय मंडळच बघतं. पहिला अर्ज ऑनलाइन असतो, शुल्कही ऑनलाइनच भरायचं.

गुणपडताळणीत कोणी उत्तर पुन्हा वाचत नाही. बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. विषयाला ५० रुपये. छायाप्रतीचे ४०० आणि पुनर्मूल्यांकनाचे ३००. हे अलीकडच्या निकालांचे दर आहेत, भरण्याआधी या वर्षीचं परिपत्रक पाहून घ्या. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही, आणि ती हातात आल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. बहुतेकांचं इथेच चुकतं : पडताळणीचं उत्तर येईपर्यंत थांबतात आणि तोवर छायाप्रतीची मुदत निघून जाते. तुमच्या बाबतीत थेट छायाप्रतच मागवा.

प्रतिसाद २
छायाप्रत आली की आधी पुरवण्या मोजा. मग पहिल्या पानावरचा तक्ता आतल्या गुणांशी एकेक प्रश्न घेऊन जुळवा. भौतिकशास्त्राची मांडणी पक्की आहे : बहुपर्यायी १०, अतिलघु ८, २ गुणांचे बारापैकी आठ, ३ गुणांचे बारापैकी आठ, ४ गुणांचे पाचपैकी तीन. बहुपर्यायीत पहिलाच प्रयत्न धरतात, त्यामुळे उत्तर खोडून खाली पुन्हा लिहिलं असेल तर त्यावर भांडण्यात अर्थ नाही. उदाहरणांत मात्र नीट बघा. सूत्र बरोबर, किंमती बरोबर घातल्या, आणि शेवटच्या आकडेमोडीत चूक झाली म्हणून सगळेच गुण कापले असतील, तर तो मुद्दा धरण्यासारखा आहे. एककाचा किंवा आकृतीचा अर्धा गुणही सोडू नका. बारावीला शिकवणाऱ्या सरांकडूनच हे तपासून घ्या, आणि "कडक तपासलं" असं न म्हणता प्रश्न क्रमांकासह सांगा.

धागाकर्ता
आभारी आहे. प्रात्यक्षिकाचे गुणही याच अर्जात वाढवून मागता येतील का? २ च तर हवेत.

प्रतिसाद १
नाही. ही सगळी सोय लेखी उत्तरपत्रिकेपुरतीच आहे. रसायन आणि गणिताच्या लेखीतही तिचा अंदाज आणि गुण यांत फरक असेल, तर त्यांच्याही छायाप्रती याच मुदतीत मागवा. बेरीज तिन्ही विषयांची आहे, २ गुण कुठूनही आले तरी चालतील. आणि यात काही निघेल या भरवशावर जून-जुलैच्या परीक्षेचा फॉर्म सोडू नका. सगळ्या विषयांत उत्तीर्ण झालेल्यांना श्रेणीसुधारसाठी लगतच्या तीन संधी मिळतात. हा फॉर्म कॉलेजमार्फत भरतात, म्हणून उद्याच प्राचार्यांच्या कार्यालयात विचारा.

धागाकर्ता
तिन्ही विषयांच्या छायाप्रती मागवतोय. भौतिकच्या आल्या की प्रश्न क्रमांकासह इथेच टाकतो, ५ दिवसांच्या आत बघून द्याल ही विनंती.