विषय: बुधवारी कार्व्हरला कोण कोण येतंय? (केटलिनचा निरोप)

प्रेषक: सांस्कृतिक समिती, कोरलव्हिल
सोमवार, ८ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी,

काल दुपारची कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची फायनल बघितलीत ना सगळ्यांनी? आज ग्रहण आहे म्हणे, आमच्या घरी ते कालच लागलं. पहिल्या क्वार्टरला आपल्या आयोवा युनिव्हर्सिटीच्या केटलिन क्लार्कनं एकटीनं १८ पॉइंट्स केले तेव्हा आमची कन्या सोफ्यावर उभी राहून नाचत होती, आणि ८७-७५ नं हरल्यावर जी रुसून आत गेली ती एकदम जेवायलाच बाहेर आली. साउथ कॅरोलायना भारीच टीम आहे, अख्ख्या सीझनमध्ये ३८ पैकी ३८ जिंकल्या, त्यांच्या कोच डॉन स्टेलींनी ट्रॉफी घेताना केटलिनचे आभारही मानले, सगळं मान्य, पण तरी.

तर मुद्द्याचं. बुधवारी संध्याकाळी कार्व्हर-हॉकाय अरीनामध्ये आपल्या टीमचं कौतुक आणि सीनियर मुलींना निरोप असा कार्यक्रम आहे. पुढच्या सोमवारी ब्रुकलिनला डब्ल्यूएनबीएचा (मुलींच्या व्यावसायिक लीगचा) ड्राफ्ट, तिथे टीम्स एकेक करून खेळाडू निवडतात, पहिला नंबर इंडियाना फीव्हर टीमचा, म्हणजे केटलिन कुठे जाणार हे शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. आमच्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत, कोरलव्हिल-नॉर्थ लिबर्टीकडचं कुणी असेल तर सांगा. पार्किंगचं काही खरं नाही म्हणून लवकर निघणार.

उद्याच्या पाडव्याच्या सगळ्यांना शुभेच्छा! गुढीला यंदा टीमच्या रंगांची पिवळी साडी काढलीये, किनार काळी आहे तेवढी सासूबाईंनी चालवून घ्यावी 🙂

---

प्रेषक: सीडर रॅपिड्स, आजीव सभासद
सोमवार, ८ एप्रिल

वहिनी, शुभेच्छा तुम्हालाही. राग मानू नका पण एक विचारतो. ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे ना? शनिवारच्या कार्यक्रमाला किती जण येणार त्याची उत्तरं अजून अर्ध्या घरांनी दिली नाहीयेत आणि इथे बास्केटबॉल चाललंय.

आणि दुसरं, मला खरंच कळत नाही हे इतकं कशासाठी. दोन वर्षं लागोपाठ फायनल, दोन्ही हरल्या. मागच्या वर्षी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीनं १०२-८५ नं धुतलं, यंदा हे. त्यात कोविडमुळे केटलिनला कॉलेजकडून पाचवं वर्ष खेळता येत होतं, तर राहायचं, कप आणायचा आणि मग जायचं. अर्धवट टाकून निघालेल्या माणसाचा सत्कार आपल्याकडे तरी करत नाहीत.

---

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी, आयोवा सिटी
सोमवार, ८ एप्रिल, रात्री उशिरा

दादा, सॉरी पण यावर गप्प बसणं होत नाही.

नोव्हेंबरमध्ये अहमदाबादची फायनल आपण सगळे तुमच्याच बेसमेंटमध्ये पहाटेपासून बघत होतो. कोहलीनं त्या वर्ल्ड कपमध्ये ७६५ रन्स केल्या आणि कप ऑस्ट्रेलियानं नेला. तेव्हा तुम्ही त्याला अर्धवट म्हणालात का? मला आठवतंय तुम्ही काय म्हणालात, लिस्टवर लिहिण्यासारखं नाहीये ते.

आता केटलिनचं बघा. ३,९५१ पॉइंट्स. डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात) मुलगे-मुली सगळे धरून एवढे कुणाचेच नाहीत. आणि फक्त शूटर नाही, असिस्ट्स (ज्यावर दुसरीनं बास्केट केलं असे पास) १,१४४. सेकंड इयरला होती तेव्हा पॉइंट्स आणि असिस्ट्स दोन्हींत देशात पहिली, असं आधी कुठल्याच मुलीनं केलं नव्हतं. १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संस्थेच्या) मुलींच्या पॉइंट्सच्या रेकॉर्डला ८ पॉइंट्स हवे होते, सव्वादोन मिनिटांत झाले, आणि रेकॉर्डचा शॉट मारला कुठून तर तिकडे मैदानाच्या मधल्या लोगोजवळून, जिथून दुसऱ्या कुणी मारला तर कोच बाहेर बसवेल. त्या रात्री एकूण ४९. मी लॅबमधून निघून धावत गेलो होतो, माझ्या गाइडनंच 'जा' म्हणून सांगितलं, ते स्वतः आधीच जाऊन बसले होते.

पाचव्या वर्षाचं म्हणाल तर तिनं २९ फेब्रुवारीलाच जाहीर केलं होतं की जाणार, सीझन संपायच्या आधी, ओहायो स्टेटची शेवटची होम मॅच बाकी असताना. म्हणजे लोकांना नीट टाटा करता यावा म्हणून वेळ दिला. याला अर्धवट टाकणं म्हणत नाहीत हो.

आणि पैशासाठी जातेय असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. डब्ल्यूएनबीएमध्ये पहिल्या नंबरला उचललेल्या मुलीचा यंदाचा पगार ७६,५३५ डॉलर, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट लाख रुपये. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला आरसीबीनं डब्ल्यूपीएलच्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाखांना घेतलं, आणि ती स्पर्धा जेमतेम तीन-चार आठवड्यांची! (गेल्या महिन्यात कपपण आणला तिनं, मुलांच्या टीमला अजून जमलं नाहीये.) अमेरिका अमेरिका करतो आपण, पण या एका बाबतीत आपण पुढे आहोत. केटलिनचा खरा पैसा जाहिरातींतून येतो आणि तो ती कॉलेजात असतानाही येतच होता. ती जातेय कारण इथे करण्यासारखं उरलं नाही.

शनिवारी मी आणि तीन रूममेट्स येतोय, लिहून घ्या. चौघंही भरपूर जेवणार आहोत.

---

प्रेषक: काका, आयोवा सिटी
मंगळवार, ९ एप्रिल

चि. सर्वांस पाडव्याचे अनेक आशीर्वाद.

तुम्हा मुलांची पत्रं वाचली. मी फोनवर बोटानं टाइप करतो त्यामुळे वेळ लागतो आणि स्वल्पविराम सापडत नाही तेव्हा सांभाळून घ्या.

तुम्हाला सगळ्यांना वाटतं की हे वेड केटलिननं आणलं. तसं नाहीये. आयोवात मुलींचं बास्केटबॉल हे फार जुनं प्रकरण आहे. मी इथे शिकायला आलो तेव्हा शाळांमधल्या मुली सहा-सहाच्या टीमनं खेळायच्या, तीन जणी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त बास्केट करणाऱ्या आणि तीन दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवणाऱ्या, मधली रेघ ओलांडायची नाही आणि बॉल दोनदाच आपटायचा. मुलींना फार पळवू नये असा त्यामागे जुन्या लोकांचा विचार. आपल्याला हसू येतं, पण त्याच नियमांमुळे बास्केट करणाऱ्या मुलींचे आकडे असे व्हायचे की विचारू नका. डेनिस लॉन्ग म्हणून एक मुलगी होती, युनियन-व्हिटन हायस्कूलची, तिनं १९६८ साली एका मॅचमध्ये १११ पॉइंट्स केले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनं तिला ड्राफ्टमध्ये घेतलं, पुरुषांच्या! लीगनं ते रद्द केलं ही गोष्ट वेगळी. डे मॉइनला स्टेट टूर्नामेंट असली की छोट्या गावांतली दुकानं बंद व्हायची, माझ्या पहिल्या घरमालकीणबाई आठवडाभर दुसरं काही बोलायच्या नाहीत. हा सहाचा खेळ १९९३ ला बंद झाला.

आता गंमत बघा. आपल्या कोच लिसा ब्लूडर इथल्याच, मॅरियनच्या, लिन-मार हायस्कूलच्या, त्याही सहाच्या खेळातल्या. त्यांच्या शेजारी बसतात त्या जॅन जेन्सन, त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षी मॅचमागे सरासरी ६६ पॉइंट्स केले होते. म्हणजे केटलिनला शिकवणाऱ्या बायका त्या जुन्या खेळातून आलेल्या आहेत. वेस्ट डे मॉइनची पोरगी घरापासून दोन तासांवर खेळायला राहिली, त्यात याचा वाटा असणारच असं माझं मत आहे.

गर्दीचंही तेच. ३ फेब्रुवारी १९८५, कोच व्हिव्हियन स्ट्रिंगर, मॅच ओहायो स्टेटशी. कार्व्हर तेव्हा नवंकोरं, दोन वर्षांचं. पंधरा हजारांची जागा आणि लोक आले २२,१५७. पायऱ्यांवर माणसं, जाळीच्या मागे माणसं. तुम्हाला माहितीच आहे कार्व्हर जमिनीत खणून बांधलंय, दारातून आत गेलं की आपण सगळ्यात वर असतो आणि मैदान खाली, तर त्या दिवशी मला वरून मैदान कमी आणि टोप्याच जास्त दिसल्या. मी आणि माझा एक मित्र, दोघंच भारतीय, काय चाललंय ते अर्धं कळत नव्हतं तरी ओरडत होतो. आयोवा हरलं. ते हरणं आता कुणाला आठवत नाही, आकडा आठवतो.

त्यामुळे ऑक्टोबरमध्ये किनिक स्टेडियमवर फुटबॉलच्या मैदानात यांची मॅच ठेवली आणि ५५,६४६ लोक आले तेव्हा पेपरवाल्यांना आश्चर्य वाटलं, मला नाही वाटलं.

एक दुरुस्ती मात्र करतो, विद्यार्थी प्रतिनिधींनी ऐकून घ्यावी. लिनेट वुडर्डचं नाव घेतलं नाहीत तुम्ही. कॅन्ससकडून १९७७ ते ८१ मध्ये ३,६४९ पॉइंट्स, आणि तेव्हा लांबच्या बास्केटला तीन पॉइंट्स देणारी थ्री-पॉइंट लाइनच नव्हती. एनसीएए तेव्हा बायकांच्या स्पर्धा घेतच नसे म्हणून तिचं नाव त्यांच्या यादीत नाही. छोट्या कॉलेजांतल्या पर्ल मूरचे तर ४,०६१ आहेत, ते अजून कुणी ओलांडले नाहीत. केटलिनचं मोठेपण यानं कमी होत नाही. ३ मार्चला तिनं पुरुषांमधल्या पीट मॅराविचचा ३,६६७ चा आकडा मागे टाकला तेव्हा लिनेटबाई स्वतः कार्व्हरला आल्या होत्या, टीव्हीवर त्यांना बघून मला जास्त बरं वाटलं.

सीडर रॅपिड्सच्या चिरंजीवांनी बुधवारी यावं. गाडी चालवायला मला रात्रीचं दिसत नाही, मला न्यायला कुणीतरी लागेलच.

काका

---

प्रेषक: सीडर रॅपिड्स, आजीव सभासद
मंगळवार, ९ एप्रिल

काका नमस्कार करतो. तुम्हाला न्यायला येईन, पण फक्त तुमच्यासाठी, तो कार्यक्रम मी गाडीत बसून काढेन.

बेसमेंटमधलं लिस्टवर काढायची गरज नव्हती.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती, कोरलव्हिल
गुरुवार, ११ एप्रिल

मंडळी, ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

मोठी बातमी म्हणजे केटलिनचा २२ नंबर रिटायर करणार, तिथेच जाहीर केलं. आता आयोवाच्या टीममध्ये २२ ची जर्सी पुन्हा कुणी घालणार नाही. आपल्या जुन्या खेळाडू मेगन गुस्टाफसनचा १० नंबर २०२० ला असाच वर टांगला होता, आठवत असेल. लोक उठून उभे राहिले ते खाली बसेचनात.

मला स्वतःला मात्र बाकीच्या मुलींकडे बघून जास्त भरून आलं. केट मार्टिन सहा वर्षं इथे, कॅप्टन. गॅबी मार्शल, तिनंच तर यूकॉनच्या (कनेक्टिकटच्या) मॅचला शेवटच्या सेकंदांत त्यांच्यावर तो ऑफेन्सिव्ह फाउल काढला, ७१-६९ नं वाचलो, त्यावर अजून भांडणं चालू आहेत. यांचं पुढे काय हे कुणी विचारत नव्हतं. केटलिनचं पहिलं वर्ष कोविडचं, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळली होती ती, आणि परवाची फायनल १ कोटी ८७ लाख लोकांनी बघितली, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. मधल्या काळात ज्या मुलींनी तिला बॉल दिले, तिला अडवणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून स्क्रीन लावले, त्यांची नावं आमच्या लेकीला पाठ आहेत, मला या वर्षी झाली.

लेक घरी येताना गाडीत अगदी गप्प. मग एकदम म्हणाली, आई, इंडियानात आपल्या ओळखीचं कोण राहतं?

आणि हो, 'गाडीत बसून राहणारे' सभासद काकांच्या शेजारी उभे राहून टाळ्या वाजवताना दिसले. फोटो आहे, मागितला तर पाठवेन.

शनिवारची पुरणपोळीची ऑर्डर आज बंद करतेय, आता बोंब मारू नका.

---

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी, आयोवा सिटी
मंगळवार, १६ एप्रिल

वहिनी, केट मार्टिनचं विचारत होता ना? काल रात्री बघितलंत का? ती ड्राफ्टच्या खास पाहुण्यांमध्येसुद्धा नव्हती, केटलिनला सोबत म्हणून गेली होती, प्रेक्षकांत बसलेली. आणि दुसऱ्या राउंडला १८ व्या नंबरला लास व्हेगास एसेसनं तिचं नाव घेतलं! प्रेक्षकांतून उठून स्टेजवर गेली. आमच्या अपार्टमेंटमध्ये केटलिनचं नाव आलं तेव्हा नुसत्या टाळ्या झाल्या, ते तर माहितीच होतं, केटच्या वेळी खालच्या मजल्यावरून भिंतीवर ठोकायला लागले लोक.

फीव्हरचं शेड्यूल बघून ठेवलंय मी. इंडियानापोलिस इथून सहा तास. पण त्यापेक्षा २३ जूनला त्या शिकागोत येतायत आणि १४ जुलैला मिनियापोलिसला, दोन्ही रविवार.

---

प्रेषक: सीडर रॅपिड्स, आजीव सभासद
मंगळवार, १६ एप्रिल

२३ जूनला मंडळाची पिकनिक आहे. शेल्टर बुक झालंय, डिपॉझिट परत मिळत नाही. त्यामुळे शिकागो विसरा.

१४ जुलैची सात सीट्सची व्हॅन मी बघतो. काका पुढे बसतील. वहिनींची मुलगी धरून चार नावं आहेत, उरलेल्यांनी रविवारपर्यंत कळवा, तिकिटं नंतर महाग होतील. आणि तो फोटो लिस्टवर टाकायचा नाही.