विषय: सभागृहाची जागा – खोदाईआधीचा मातीचा परवाना

प्रेषक: इमारत समिती
सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या सभागृहाच्या कामात एक पेच आला आहे, म्हणून ई-मेल यादीवर सगळ्यांना एकदमच विचारतो. टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाची मंजुरी हातात आली. कॉन्ट्रॅक्टर पुढच्या सोमवारी मशीन आणायचं म्हणतो. पण मंजुरीच्या ठरावात एक अट आहे: सॉइल कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टचं (मृदसंधारणाच्या स्थानिक सरकारी कार्यालयाचं) सर्टिफिकेशन, म्हणजे मंजुरी, मिळाल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, "काम एक एकराच्या आत आहे, ते लागत नाही. मी इतकी घरं बांधली, एकदाही घ्यावं लागलं नाही."

आपला प्लॉट १.३ एकराचा. पहिल्या टप्प्यात साधारण पाऊण एकर उकरलं जाईल. पार्किंगचा उरलेला भाग पुढच्या वर्षी. आपल्यात सिव्हिलवाले दोघे-तिघे आहेत, कृपया मार्गदर्शन करा. सोमवार जवळ आला आहे.

– सचिव

*

प्रेषक: निवृत्त सिव्हिल इंजिनियर, मंडळाचा जुना सभासद
सोमवार, रात्री ११:०५

सचिवसाहेब,

सोमवारी मशीन आणू देऊ नका, हे आधी सांगतो. कारणं आता लिहितो.

कॉन्ट्रॅक्टर दोन वेगळे नियम एकत्र करतो आहे. एक एकराची मर्यादा आहे ती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या प्रदूषणाच्या परवान्याची. तो १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टखाली येतो. पूर्वी तो पाच एकर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांनाच लागायचा. २००३ पासून एक एकरापासून पुढच्या सगळ्यांना लागतो. आपल्याकडे तो राज्याचं पर्यावरण खातं, डी.ई.पी., देतं. पण न्यू जर्सीचा स्वतःचा मातीचा कायदा आहे, १९७५ चा, आणि त्याची मर्यादा आहे ५,००० चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तेव्हा फरक तुम्हीच बघा. पाऊण एकर उकरणारं काम त्या कायद्यात सहज येतं.

घरांबद्दल तो बोलतो ते मात्र खरं आहे. एकाच कुटुंबाच्या एकट्या घराला या कायद्यात सूट आहे. दोन किंवा जास्त घरांचा एकत्र प्रस्ताव असला की ती सूट जाते. सभागृहाला ती कधीच नव्हती. म्हणून त्याच्यावर रागावू नका, पण त्याच्या अनुभवावर विसंबूही नका.

मोजतानाही लोकांची गल्लत होते. ५,००० चौरस फूट म्हणजे इमारतीचा पाया नव्हे. गवत निघून जिथे जिथे माती उघडी पडते ते सगळं त्यात धरायचं: पार्किंग, सांडपाण्याच्या पाइपचा चर, मातीचा ढीग ठेवायची जागा, मशीन वळायची पट्टी, आणि कोपऱ्यातलं जुनं गॅरेज पाडणार आहोत ती जागासुद्धा.

सभागृहाचा नकाशा मातीवाले का तपासतात, असं मागच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशात धुळीची वादळं उठली, शेतांची वरची माती उडून गेली. १९३५ मध्ये केंद्र सरकारनं सॉइल कन्झर्व्हेशन सर्व्हिस स्थापन केली आणि १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सगळ्या राज्यांना मृदसंधारणाचा नमुना कायदा पाठवला. न्यू जर्सीनं त्याच वर्षी कायदा केला. ही डिस्ट्रिक्ट्स त्यातून आली, शेतकऱ्यांच्या मदतीसाठी. पुढे शेतं गेली, तिथे वसाहती आल्या, तेव्हा १९७५ मध्ये बांधकामाची मातीही त्यांच्याकडे सोपवली. आपण ज्याला बांधबंदिस्ती म्हणतो त्याच विद्येतली ही माणसं आहेत. मी नोकरीत असताना त्यांच्याकडून खूप शिकलो.

करायचं असं. आपल्या इंजिनियरनं धूप आणि गाळ रोखण्याचा आराखडा काढायचा आणि फीसकट डिस्ट्रिक्टकडे द्यायचा. अर्ज पूर्ण असेल तर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. दोघांच्या संमतीनं मुदत वाढू शकते. अर्ज अपुरा असेल तर हे दिवस सुरूच होत नाहीत, वेळ जातो तो तिथे. शेवटी काम संपल्यावर आराखड्याप्रमाणे सगळं झालं असा डिस्ट्रिक्टचा अहवाल लागतो. तो नसेल तर इमारत वापरायचा दाखला मिळत नाही. उद्घाटनाची तारीख धरताना हे लक्षात असू द्या.

*

प्रेषक: मराठी शाळेतील शिक्षिका
मंगळवार, सकाळी ७:३०

काकांनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

आमच्या घरामागे ओढा आहे. चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाला घरं बांधायला सुरुवात झाली. काळं कापडी कुंपण लावलेलं होतं, दिसायला अगदी नीट. एका रात्री दोन तास पाऊस झाला आणि सकाळी ओढा दुधाळ चहासारखा वाहत होता. मी वर चढून गेले. कुंपण उभं होतं, पण कापड जमिनीला नुसतं टेकलेलं. खालून माझा अख्खा हात कोपरापर्यंत पलीकडे गेला. पाणी तिथूनच येत होतं. ओढ्याच्या तळाशी जे गोटे होते, ज्यांच्यावर माझी मुलं उभी राहायची, ते बोटभर गाळाखाली गेले होते. आज चार वर्षांनीही काही ठिकाणी ते पुन्हा दिसत नाहीत.

मी डिस्ट्रिक्टला फोन केला. त्याच दुपारी त्यांचा निरीक्षक आला, आणि कुंपण नीट गाडेपर्यंत काम बंद झालं. तेव्हा मी शेजारी होते. आता काम आपलं आहे आणि आपल्या प्लॉटच्या उतारालाही कुणाची तरी परसं आहेत. ती माणसं आपल्याला ओळखत नाहीत. त्यांना आपली पहिली ओळख गढूळ पाण्यानं होऊ नये.

*

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, दुपारी १२:४०

काका, ताई, दोघांचे आभार. माझे दोनच प्रश्न. एक, ३० दिवस थांबायचंच असेल तर तोवर निदान झाडं-झुडपं काढून जागा सपाट करून ठेवता येईल का? कॉन्ट्रॅक्टरची मशीन आधीच ठरलेली आहेत. दोन, काम दोन टप्प्यांत आहे, तर एक एकराचा परवाना आपल्याला नक्की लागणार नाही ना?

*

प्रेषक: निवृत्त सिव्हिल इंजिनियर, मंडळाचा जुना सभासद
मंगळवार, संध्याकाळी ६:२०

खजिनदारसाहेब,

पहिल्याचं उत्तर नाही. झाडं उपटणं आणि जागा सपाट करणं हीच तर धुपीची सुरुवात. मुळं आणि गवत जाताच पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो, कण सुटे करतो आणि उतारावरून घेऊन जातो. कायद्यातही जमीन साफ करणं आणि सपाट करणं यांचा उल्लेख आहे. तेव्हा हे सगळं सर्टिफिकेशननंतरच. तेव्हाही क्रम ठरलेला: आधी उताराच्या खालच्या कडेचं कुंपण आणि खडीचा प्रवेशमार्ग, मगच साफसफाई. हा क्रम आराखड्याच्या कागदावर छापलेला असतो आणि निरीक्षक तोच हातात घेऊन येतो.

दुसरा प्रश्न बरं झालं विचारलात. टप्पे वेगळे असले तरी योजना एकच असेल तर क्षेत्र एकत्र धरतात. पाऊण एकर आता आणि पुढच्या वर्षीचं पार्किंग मिळून एक एकर भरत असेल, तर परवाना आत्ताच, पहिल्या टप्प्यालाच लागतो. म्हणून इंजिनियरला पुढच्या वर्षीचं क्षेत्रही मोजायला सांगा. एकराच्या वर गेलं, तर डिस्ट्रिक्टच्या सर्टिफिकेशननंतर डी.ई.पी.कडे बांधकामाच्या सामान्य परवान्याखाली अर्ज करायचा. त्याला इथले लोक 'पाच जी तीन' म्हणतात.

यादीवर शेजारच्या राज्यांतलेही सभासद आहेत. पेन्सिल्व्हेनियात ५,००० चौरस फुटांपासून लेखी आराखडा लागतो. मेरीलँडमध्ये ५,००० चौरस फूट किंवा १०० घनयार्ड माती, यातलं एकही ओलांडलं की आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये एक एकराचा परवाना थेट केंद्र सरकारची पर्यावरण संस्था, ई.पी.ए., देते. प्रत्येकानं आपल्या गावच्या नियमांतही बघावं, ते याहून कडक असू शकतात.

ताईंनी हात घालून पाहिलं ते फार महत्त्वाचं आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो. सिल्ट फेन्सला, म्हणजे त्या कापडी कुंपणाला, लोक गाळणी समजतात. ती बांधासारखं काम करते. पाणी तिच्यामागे थबकतं, तळं साचतं आणि गाळ खाली बसतो. खालून फट राहिली की पाणी थबकतच नाही, मग कुंपण असून नसल्यासारखं. म्हणून सहा इंच खोल चर खणायचा, कापडाचा खालचा पदर त्यात सोडायचा आणि वरून माती चोपून बसवायची. खांब उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा दाब कापडाला खांबावर रेटतो. कुंपण समपातळीत चालवायचं आणि दोन्ही टोकं उताराच्या वरच्या अंगाला वळवायची, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालून निघून जातं. शंभर फूट कुंपणामागे पाव एकरापेक्षा जास्त उतार नको. आणि वाहत्या ओघळीत ते आडवं कधीच लावायचं नाही, पहिल्या पावसात आडवं होतं.

प्रवेशमार्ग हा दुसरा. एक ते अडीच इंचांची खडी. साध्या सपाट जागेवर भरड माती असेल तर ५० फूट लांब, बारीक चिकण माती असेल तर १०० फूट. आपली माती चिकण आहे, कुदळ मारल्यावर ढेकूळ चकाकतं ते मी पाहिलं आहे. तेव्हा १०० फूट. ट्रकच्या चाकांना लागलेली माती त्या खडीवर झडते, नाहीतर सगळी रस्त्यावर येते आणि तिथून गटारात.

बाकी मातीच्या ढिगाभोवती कुंपण, रस्त्याकडेच्या गटारांच्या तोंडाला संरक्षण, काँक्रीटची गाडी धुवायची जागा वेगळी. हे सगळं आराखड्यात येईलच.

*

प्रेषक: इमारत समिती
बुधवार, रात्री ८:५०

मंडळी,

काल रात्री समितीची तातडीची बैठक झाली. मशीन रद्द केली आहेत. आमच्या इंजिनियरनं दोन्ही टप्पे धरून मोजलं: १.१ एकर. म्हणजे दोन्ही परवानग्या लागणार. काकांनी सांगितलं नसतं तर हे आम्हाला काम अर्ध्यावर आल्यावर कळलं असतं.

बांधकाम चालू असताना कुंपणावर नजर ठेवायला आम्हाला स्वयंसेवक हवे आहेत. आराखड्याप्रमाणे पाहणीची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरचीच आहे, पण आपलेही डोळे असावेत असं सगळ्यांचं मत पडलं. काका, किती वेळा जायचं?

*

प्रेषक: निवृत्त सिव्हिल इंजिनियर, मंडळाचा जुना सभासद
बुधवार, रात्री १०:१०

ई.पी.ए.च्या २०२२ च्या परवान्यात दोन पर्याय आहेत: दर सात दिवसांनी एकदा, किंवा दर चौदा दिवसांनी एकदा आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की २४ तासांच्या आत. तो परवाना आपल्या राज्याला थेट लागू नाही, पण माप चांगलं आहे. आपण आठवड्यातून एकदा जाऊ आणि पाव इंच पावसानंतरही जाऊ. पर्जन्यमापक माझ्याकडे आहे, तो कुंपणाच्या दाराशी बसवतो.

बघायचं काय, तर कुंपणाच्या उंचीच्या निम्म्यापर्यंत गाळ यायच्या आत तो काढलेला हवा. कापडाखाली हात जातो का ते दर दहा फुटांवर तपासायचं, ताईंनी केलं तसंच. आणि चौदा दिवस ज्या जागेवर काम होणार नाही तिथे बी पेरून पेंढा पसरला आहे का ते पाहायचं. हजार चौरस फुटांना ७० ते ९० पौंड पेंढा, तोही दाबून बसवलेला, नाहीतर पहिल्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या अंगणात. माती किती घट्ट झाली तेही शेवटी तार खुपसून तपासतात. मशीन सगळीकडे फिरू दिली तर पुढे गवत रुजत नाही, म्हणून तेही आतापासून सांगून ठेवा.

*

प्रेषक: मराठी शाळेतील शिक्षिका
गुरुवार, सकाळी ७:१०

माझं नाव यादीत घाला. शाळेतले दोन पालकही तयार आहेत. खालच्या बाजूच्या चारही घरांना काम सुरू होण्याआधी मी स्वतः जाऊन भेटते आणि माझा फोन नंबर देऊन येते, म्हणजे गढूळ पाणी दिसलं तर ते आधी आपल्यालाच कळवतील.

*

प्रेषक: निवृत्त सिव्हिल इंजिनियर, मंडळाचा जुना सभासद
गुरुवार, सकाळी ९:३०

मीही येतो तुमच्याबरोबर, ताई. शनिवारी सकाळी दहाला प्लॉटवर भेटू. नकाशाची प्रत आणि लांब टेप माझ्याकडे आहे, कुंपणाची रेघ कुठून जाईल ते त्यांना जागेवरच दाखवू.