एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बाळाला रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारं इन्फेक्शन येतं कुठून?

प्रश्न: भाचीचं बाळ ३२ आठवड्यांतच जन्मलंय, कल्चरमधे (जंतू शोधायच्या तपासणीत) क्लेबसिएला नावाचा जंतू आलाय, अँपिसिलिन-जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स चालत नाहीयेत म्हणे, पण सहा दिवसांच्या जिवाने औषधं घेतलीच कधी की रेझिस्टन्स यावा??

उत्तर १: ताई रेझिस्टन्स बाळात नाही, जंतूत असतो. तो वॉर्डातच मुक्काम ठोकतो, बेसिन, सक्शनची नळी आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचे हात, वर प्लास्मिडमधून (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यातून) एक जंतू दुसऱ्याला रेझिस्टन्सची जीन्स चक्क वाटतो.

उत्तर २: डब्ल्यूएचओच्या २०२४ च्या रेझिस्टंट जंतूंच्या यादीत कार्बापेनेमला (एकदम स्ट्राँग अँटिबायोटिक) न जुमानणारा क्लेबसिएला सगळ्यात वर आहे, सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागून घ्या, कुठलं औषध लागू पडतंय ते त्यात असतं.

उत्तर ३: आईचं दूध चालू ठेवता येईल का विचारा. आणि हात धुतल्याशिवाय आजीलासुद्धा बाळाला हात लावू देऊ नका, रागावली तर रागावली 😅