मदत हवी आहे : पावसाळी अंधारात नवरंग पक्ष्याचा फोटो कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. रालामंडलला होळकरांच्या शिकारगाहाखालच्या उतारावर आणि तिकडे चोरलच्या जंगलात सध्या नवरंग शीळ घालतायत. उजाडताना आणि दिवेलागणीला ती दोन सुरांची शीळ इतकी स्वच्छ येते की वाटतं, पक्षी चार हातांवर आहे. पण दिसत नाही. दिसलाच तर पाचोळ्यात दोन उड्या, की घाणेरीच्या जाळीत गडप.

हिवाळा तो दक्षिणेत नाहीतर श्रीलंकेत काढतो, आपल्याकडे येतो पावसाच्या तोंडावर, विणीसाठी. म्हणजे मला मिळतात ते एवढेच महिने, आणि नेमका याच दिवसांत झाडाखाली उजेड नसतो.

लेन्स ७०-३०० मिमी. पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) ५.६च्या पुढे उघडत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटरचा वेग १/६० सेकंदाच्या वर चढत नाही. कालच्या फोटोत शेपटीखालचा लाल रंग आणि पंखावरची निळाई छान आलीय, पण डोळा पार पुसला गेलाय. आयएसओ अजून वाढवू का? आणि मुळात शोधायचं कुठे?

एकांनी सुचवलं, मोबाइलवर त्याची शीळ वाजव, धावत येतो. येईलही. पण ऐन विणीत त्याला वाटणार हद्दीत दुसरा नर घुसला, आणि खाणंपिणं सोडून तो त्याच्याच मागे लागणार. तसा फोटो मला नकोच. त्याशिवाय काय करता येईल ते सांगा.

महूकर : ताई, शीळ वाजवायची नाही हे उत्तम. शीळ ऐकू आली की आपण जमिनीकडे बघतो, तिथेच चुकतं. शीळ घालताना तो बरेचदा फांदीवर असतो, मान मागे टाकून. तेव्हा वर बघा. खाली उतरतो तो किडे-गांडुळं शोधायला, चोचीने पाचोळा उलटत. ओल्या पाचोळ्याची मोकळी जागा हेरा आणि वाटेवरच बसून राहा. आत शिरू नका. घरटं जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीवर असतं, वाळक्या काटक्यापानांचा गोळा. पाय पडेपर्यंत कळायचं नाही.

आयएसओ ६४०० बिनधास्त करा. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा सुधारता येत नाही. शिवाय नवरंग उडी मारली की क्षणभर पुतळ्यासारखा थांबतो. त्या थांब्यात सलग फ्रेम्स घ्या, एखादी १/६०लाही तीक्ष्ण निघते. कापडी पिशवीत तांदूळ भरून त्यावर लेन्स टेकवा, जमिनीपासून वीतभर वर. फोकस एकाच बिंदूवर, डोळ्यावर. फोकससाठी लुकलुकणारा दिवा बंद, फ्लॅश तर नकोच.

सागवान : चोरलला रविवारी जाऊ नका, सहलीवाल्यांचा गोंगाट असतो. मधला वार बघा.

धागाकर्ती : खूप आभार, दादा. पिशवी आजच शिवते. एक अडचण : रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) सलग फ्रेम्स घेतल्या की माझा कॅमेरा मध्येच अडकून बसतो. जेपेगवर (नेहमीच्या छोट्या फाइलवर) ठेवू का?

महूकर : रॉच ठेवा. इतक्या कमी उजेडात नंतर सुधारायला तेच कामी येतं. बटण दाबून धरू नका, तीन-तीन फ्रेम्स घेऊन सोडत चला, म्हणजे अडकणार नाही.