गॅरी गेटचं उदाहरण बघा

लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ. त्यातला मोठा खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होतो, असं म्हटलं जातं. कॅनडाचा गाजलेला खेळाडू गॅरी गेट याची वाट तरी तशी सरळ नव्हती. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धेत, १९८८च्या उपांत्य सामन्यात, सिरॅक्यूज विद्यापीठाकडून खेळताना त्याने गोलच्या मागून उडी मारून वरच्या दांड्यावरून चेंडू आत घातला, तोही दोनदा. पुढे नियमच बदलला. पण खेळत असतानाच तो मेरीलँड विद्यापीठाच्या महिला संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता, आणि त्या संघाने १९९५ ते २००१ सलग ७ विजेतेपदं मिळवली.

महिलांच्या खेळात अंगावर जाऊन धडक देता येत नाही आणि स्टिकची जाळीही उथळ असते. नुसत्या ताकदीने धावलात की चेंडू बाहेर पडतो, म्हणून पकड, मनगट आणि पायांची दिशा बारकाईने शिकवावी लागते. माझ्या मते प्रशिक्षक म्हणून तो खरा तिथेच घडला. खेळाडू म्हणून मात्र तो बॉक्स लॅक्रॉसमध्ये, म्हणजे बंदिस्त रिंगणातल्या प्रकारात, तयार झाला होता. त्यातला गोल जेमतेम ४ फूट उंच, त्यात गोलकीपर जाड पॅड घालून उभा; तिथे तयार झालेला खेळाडू मैदानावरच्या ६ फुटी गोलसमोरही आधी गोलकीपरला फसवतो, मग चेंडू मारतो. सिरॅक्यूजच्या पुरुष संघाची सूत्रं त्याच्याकडे २०२१मध्ये आली. पहिला हंगाम ४ विजय, १० पराभव असा गेला, आणि २०२५मध्ये संघ उपांत्य फेरीत होता.