खुतब्यांमध्ये ‘म्हणून’ कुठे असतो?

प्रश्न
सातव्या शतकातले अरबी खुतबे, म्हणजे लोकांसमोर दिलेली प्रवचनं-भाषणं, भाषांतरातून वाचतोय. एखादी गोष्ट पटवायची तर आधी कारण द्यायचं, मग निष्कर्ष काढायचा, अशी माझी समजूत. इथे ‘कारण’ नाही, ‘म्हणून’ नाही. वाक्यामागून वाक्य येतं, तेही जोडीजोडीनं. मग ऐकणाऱ्याला पटायचं कशामुळे?

उत्तर
‘म्हणून’ शोधू नका, ऐकणारा ‘हो’ कुठे म्हणतो ते बघा. मला हे उमगलं ते इ.स. ६३२ च्या हजमधला, मक्केजवळच्या मिनाचा, पैगंबर मुहम्मदांचा खुतबा अरबीतून मोठ्यानं वाचताना.

पैगंबर विचारतात, ‘आज कोणता दिवस?’ लोक म्हणतात, अल्लाह आणि त्याचा प्रेषितच जाणे. पैगंबर गप्प राहतात. ही हकीकत सांगणारे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, म्हणतात, आम्हाला वाटलं, आता ते या दिवसाला दुसरंच नाव देणार! मग विचारतात, ‘कुर्बानीचाच दिवस ना?’ ‘हो.’ महिन्याचं तसंच, शहराचंही तसंच. तीन होकार मिळाल्यावर मुख्य वाक्य येतं: तुमचं रक्त, तुमची मालमत्ता, तुमची अब्रू एकमेकांसाठी तितकीच पवित्र, जितका या शहरातला, या महिन्यातला हा दिवस.

पवित्र महिन्यांत आणि मक्केच्या हद्दीत रक्त सांडायचं नाही, हे अरबांना इस्लामच्या आधीपासून मान्य होतं. तेच पावित्र्य काळ आणि जागेवरून उचलून माणसावर ठेवलं. आधीचं मान्य केलेला माणूस पुढचं नाकारणार कसं? मला हा युक्तिवाद आजही थक्क करतो.

दुसरं उत्तर
जोडवाक्यांबद्दल थोडं. पैगंबरांच्या निधनानंतर त्यांचे सोबती उमर ते मानायलाच तयार नव्हते. दुसरे सोबती अबू बक्र म्हणाले: जो मुहम्मदांची उपासना करत होता, त्यानं जाणावं, मुहम्मद वारले, जो अल्लाहची करत होता, त्यानं जाणावं, अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. साचा एकच. पहिला अर्धा ऐकला की कान दुसऱ्याची वाट बघतात. लगेच कुराणातली आयत. उमरांच्या पायांतलं बळच गेलं.

पहिल्याच उत्तरकर्त्याकडून
आणि गाळलेलंही बोलतं. ६६५ मध्ये इराकमधल्या बसऱ्यात तिथला सुभेदार झियाद यानं अल्लाहच्या स्तुतीशिवायच खुतबा सुरू केला. धाक तिथेच बसला. त्या खुतब्याचं नावच पडलं ‘बत्रा’, म्हणजे तुटका.

प्रश्नकर्ता
आत्ता पुन्हा पुस्तक उघडलं. माझ्या भाषांतरात तिन्ही प्रश्न एकाच ओळीत उरकलेत. पैगंबर गप्प राहिल्याचा उल्लेखच नाही.